आघातानंतरचा योग : कुठून सुरुवात करावी, कुठे थांबावं

२२ मे १९९७ ची पहाट जुने जबलपूरकर विसरलेले नाहीत. कोसमघाट परिसरात केंद्र असलेल्या त्या भूकंपाने सुमारे ४० जणांचा जीव घेतला आणि हजारो घरांच्या भिंतींना तडे गेले. अशा प्रसंगानंतर बहुतेकांची झोप काही आठवड्यांत परत येते. काहींची येत नाही. वर्षं लोटली तरी रस्त्यावरून अवजड ट्रक गेला आणि खिडकी थरथरली की ही माणसं उठून दाराकडे धावतात.

या शहरात धसका बसण्याची कारणं आणखीही आहेत. ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स या दोन रेजिमेंटची केंद्रं इथे आहेत, त्यामुळे सीमेवरून परतलेले जवान जवळपास प्रत्येक वस्तीत भेटतात. १ ऑगस्ट २०२२ रोजी शहरातल्या एका खाजगी रुग्णालयाला लागलेल्या आगीत ८ जण दगावले. ऑक्टोबर २०२४ मध्ये खमरियाच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला आणि कामगारांचे प्राण गेले. रस्त्यावरचे अपघात आणि घरातली मारहाण यांची तर बातमीही होत नाही.

मग घरात तोच प्रश्न निघतो. मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या लिहून दिलेल्या असतात, एखादी मावशी म्हणते ‘गोळ्यांच्या नादी लागू नकोस, प्राणायाम कर’, शेजारचे काका पहाटेच्या योगवर्गाचा पत्ता देतात, आणि ज्याला त्रास होतोय तो पहिल्याच वर्गात शवासनात घाबरून उठतो व पुन्हा तिकडे फिरकत नाही. गोळ्या की योग, असा हा प्रश्न नाहीच. कोणता योग, कुणाकडून, कोणत्या टप्प्यावर आणि कशाच्या जोडीला, हे ठरवायचं आहे.

आधी निदान करून घ्या

आघातोत्तर तणाव विकार, म्हणजे डॉक्टरांच्या कागदावरचा ‘पीटीएसडी’. जिवावर बेतलेला प्रसंग, गंभीर दुखापत किंवा लैंगिक अत्याचार सोसल्यावर किंवा डोळ्यांनी पाहिल्यावर तो जडू शकतो. खालच्या चारही प्रकारचा त्रास एक महिन्याहून जास्त टिकला आणि त्यामुळे नोकरी, घर, झोप बिघडली, तर दाखवायलाच हवं :

- प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणं, वाईट स्वप्नं पडणं, तो आत्ताच घडतोय असं वाटणं
- त्या जागा, ती माणसं, तो विषय टाळणं
- मन बधिर होणं, स्वतःला दोष देत राहणं, आपल्या माणसांपासून तुटल्यासारखं वाटणं
- सतत सावध राहणं, जरा आवाज झाला की दचकणं, चिडचिड, झोप न लागणं

या यादीवरून घरच्या घरी निदान करू नका. थायरॉइडचा त्रास, दारू, डोक्याला लागलेला मार किंवा नैराश्य यांतही अशीच काही लक्षणं दिसतात. शिवाय प्रसंगाला दोनच आठवडे झाले असतील, तर दचकणं आणि झोप उडणं हा बहुधा मनाचा स्वाभाविक प्रतिसाद असतो. तेव्हा माणसांची सोबत, जेवण, विश्रांती आणि सुरक्षित जागा यांचीच गरज जास्त असते.

योगाने खरंच फरक पडतो का

पडतो, पण त्याचं माप नीट समजून घ्या.

अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क यांनी २०१४ मध्ये ६४ स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. आधीच्या उपचारांनी पुरेसा गुण न आलेल्या या स्त्रिया होत्या. निम्म्या जणींना आठवड्यातून एकदा, तासभराचा, बेताने घेतलेला योगवर्ग १० आठवडे दिला. बाकीच्यांना तेवढाच वेळ आरोग्यविषयक माहितीचा वर्ग. शेवटी योगाच्या गटातल्या ५२ टक्के स्त्रिया पीटीएसडीच्या निकषांत बसेनाशा झाल्या, दुसऱ्या गटातल्या २१ टक्के. यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की पहिल्या काही आठवड्यांत दोन्ही गटांना बरं वाटलं होतं. योगाच्या गटाची सुधारणा टिकली, दुसऱ्या गटाची ओसरली. म्हणून दोनचार वर्गांवरून कुठलाही निष्कर्ष काढू नका.

भारतातलं काम बरंचसं आपत्तीनंतरच्या छावण्यांतलं आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर शर्ली टेलेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंदमानात आठवडाभर योग घेतला. भीती, अस्वस्थता, दुःख आणि झोपेचा त्रास कमी झाल्याचं लोकांनी सांगितलं. मात्र तिथे तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. नागपट्टिणमच्या छावण्यांतल्या १८३ जणांबरोबरच्या श्वसनाच्या प्रयोगात सहा आठवड्यांनी त्रास उतरलेला दिसला आणि हा फरक पुढेही टिकून राहिला. आपल्या राज्यातलं उदाहरण हवं असेल तर भोपाळचं संभावना क्लिनिक पाहा. १९९६ पासून ते वायुपीडितांना आधुनिक औषधोपचार, आयुर्वेद आणि योग एकाच छताखाली, मोफत देत आलं आहे. यांपैकी काही सोडून दुसरं धरा, असं तिथे रुग्णाला सांगितलं जात नाही. जबलपूरच्या वाचकांनी घ्यावी ती हीच गोष्ट.

लष्करी सेवेत लैंगिक अत्याचार सोसलेल्या अमेरिकी स्त्रियांवरचा २०२३ मधला अभ्यास आणखी पुढे जातो. त्यात आघाताचा विचार करून आखलेला योग आणि बोलण्यातून केला जाणारा मान्यताप्राप्त उपचार यांचा गुण जवळपास सारखाच आला आणि योग शेवटपर्यंत पूर्ण करणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण जास्त होतं. ज्यांना त्या प्रसंगाबद्दल तोंडच उघडवत नाही, त्यांच्यासाठी हे महत्त्वाचं आहे. जबलपूरशी ज्यांचं जुनं नातं, त्या महर्षी महेश योगींच्या भावातीत ध्यानाचीही २०३ माजी सैनिकांवर परीक्षा झाली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ध्यानाचा गुण प्रस्थापित मानसोपचारापेक्षा कमी ठरला नाही.

एवढं असूनही अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना योगाबाबत पुरावा अजून अपुरा मानतात आणि आघातावर केंद्रित मानसोपचाराला पहिलं स्थान देतात. ही सावधगिरी रास्त आहे. बहुतेक अभ्यास लहान आहेत, आणि दर ठिकाणी ‘योग’ म्हणून जे शिकवलं ते वेगळं होतं. तेव्हा चांगला मानसोपचार मिळत असेल तर तो घ्या आणि योग जोडीला ठेवा. तो मिळत नसेल किंवा आज झेपत नसेल, तर डॉक्टरांच्या नजरेखाली योगापासून सुरुवात करायला हरकत नाही.

शिक्षक निवडताना

योगशिक्षक उत्तम असणं आणि आघात सोसलेल्या माणसाला शिकवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाचं प्रमाणपत्र आहे का, हे जरूर विचारा. त्यात योगशिक्षक आणि योगोपचारक अशा वेगळ्या श्रेणी आहेत. पण तेवढ्यावर थांबू नका. वर्ग लावण्यापूर्वी भेटून किंवा फोनवर हे विचारा :

- आसन दुरुस्त करताना तुम्ही हात लावता का? ‘लावू नका’ म्हटलं तर चालेल का?
- डोळे उघडे ठेवले तर चालतील का?
- मध्येच उठून बाहेर गेलं तर?
- मी डॉक्टरांचं औषध घेतोय, घेतेय. त्याबद्दल तुमचं मत काय?

शेवटच्या प्रश्नाला ‘तीन महिन्यांत गोळ्या बंद करून दाखवतो’ असं उत्तर आलं, तर तिथून निघा. काय घडलं ते सविस्तर सांगायची सक्ती करणाऱ्यांकडेही जाऊ नका. ‘मला आवाजाचा आणि अचानक स्पर्शाचा त्रास होतो’ एवढं सांगितलं तरी शिक्षकाला पुरे असतं.

भल्या पहाटे बागेत चालणारे मोठे मोफत वर्ग तब्येतीला चांगलेच, पण सुरुवातीला ते सोयीचे नसतात. तिथे ध्वनिवर्धक असतो, मागे अनोळखी माणसं असतात आणि सगळ्यांनी एका तालात करायचं असतं. चारसहा जणांचा वर्ग किंवा एकट्याने घेतलेली शिकवणी बरी.

पहिले काही आठवडे : दहा मिनिटं, खुर्चीवर

आघातानंतर शरीर धोक्याच्या तयारीतच अडकून राहतं. छातीत धडधड वाढली की मेंदू तिचा अर्थ ‘पुन्हा तेच’ असा लावतो. म्हणून शरीरातली हालचाल भीतीशिवाय जाणवू देणं आणि ‘मी हवं तेव्हा थांबू शकतो’ हा अनुभव पुन्हा पुन्हा घेणं, हेच या योगाचं मुख्य काम. लवचीकपणा, वजन, पूर्ण पद्मासन यांचा इथे काही संबंध नाही.

सुरुवात अशी करता येते. हातांची टेकणं नसलेली एक भक्कम खुर्ची भिंतीला लावून ठेवा, बसल्यावर खोलीचं दार समोर दिसेल अशी. पाठीमागे भिंत आहे आणि दार नजरेत आहे, एवढ्यानेच अनेकांचे खांदे खाली येतात. दोन्ही पावलं जमिनीवर टेकवा. डोळे उघडे, समोरच्या दिनदर्शिकेवर, कुंडीवर, कशावरही नजर ठेवा. उजवी टाच जमिनीत दाबा, सोडा. मग डावी. मग बोटं. फरशीचा गारवा जाणवतो का, एवढंच पाहा. जाणवला नाही तरी ठीक.

नंतर श्वास घेत दोन्ही हात खांद्याच्या उंचीपर्यंत न्या आणि सोडत खाली आणा. असं पाचसहा वेळा. हात वर न्यायचे की अर्ध्यातच थांबवायचे, हे दर वेळी तुम्ही ठरवा. मग मनात तीन अंक मोजत श्वास घ्या, पाच अंक मोजत सोडा. श्वास रोखून धरू नका. मोजणं नकोसं झालं तर नुसता लांब उच्छ्वास सोडा. शेवटी मान सावकाश उजवीकडे-डावीकडे वळवून खोलीतल्या वस्तू बघा आणि उठा.

असे दोनतीन आठवडे बिनघोर गेले की ताडासन भिंतीला पाठ टेकून, वीरभद्रासनासारखी पायांना बळ देणारी उभी आसनं, मार्जारासन, आणि कान न झाकता केलेली भ्रामरी जोडता येते. उभ्या आसनांत पाय घट्ट रोवले जातात, म्हणून पुष्कळांना ती झोपून करायच्या आसनांपेक्षा सुरक्षित वाटतात.

मध्येच गोंधळल्यासारखं झालं, प्रसंग समोर उभा राहिला, किंवा अंग बधिर पडलं तर आसन तिथेच सोडा. डोळे उघडे ठेवा, दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या, पाणी प्या, दाराबाहेर या. ‘पूर्ण करूनच उठायचं’ हा बाणा इथे घातक आहे.

जिथे त्रास वाढू शकतो

शवासन. सगळ्यांना सोपं वाटणारं हे आसन आघात सोसलेल्यांना सर्वांत कठीण जातं. उताणं पडलेलं शरीर, मिटलेले डोळे, विझवलेले दिवे आणि कानाजवळून जाणारी शिक्षकाची पावलं. अत्याचार सोसलेल्या स्त्रीला किंवा ढिगाऱ्याखाली अडकलेल्या माणसाला ही नेमकी तीच अवस्था असू शकते. त्याऐवजी भिंतीला टेकून बसा किंवा कुशीवर वळून, डोळे उघडे ठेवून पडा. सेतुबंधासन, बद्धकोनासन यांसारखी आसनंही काहींना अस्वस्थ करतात. ती वगळली तर काही बिघडत नाही.

भस्त्रिका, कपालभाती, कुंभक. जलद श्वासाने धडधड आणि चक्कर येते, आणि घबराटीचा झटका सुरू व्हायला तेवढं पुरतं. काही छावण्यांत श्वसनाचे जलद प्रकारही शिकवले गेले, पण तिथे प्रशिक्षित माणसं शेजारी होती. टीव्हीसमोर बसून एकट्याने हा प्रयोग करू नका.

आवेग मोकळे करणारी ध्यानं. १९६० च्या दशकात जबलपुरात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या आचार्य रजनीशांच्या सक्रिय ध्यानात आधी वेगाचा, अनियमित श्वास आणि मग रडणं-ओरडणं मोकळं सोडणं असतं. ज्याच्या मनावरचा ताबा आधीच सैल झालाय, त्याने तज्ज्ञांना विचारल्याखेरीज याच्या वाटेला जाऊ नये. दहा दिवसांच्या मौन शिबिरांचंही तसंच. विपश्यनेच्या अर्जात मानसिक आजाराबद्दल विचारलेलं असतं. तिथे माहिती लपवू नका.

हात लावून केलेली दुरुस्ती. मागून, न विचारता. हे कुणीही, कितीही मोठ्या गुरूने केलं तरी चूकच.

गोळ्या आणि मानसोपचार यांचं काय

सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन यांसारखी औषधं पीटीएसडीत वापरली जातात. गुण यायला काही आठवडे लागतात आणि ती एकदम बंद केली तर चक्कर, बेचैनी, झोपमोड होते. योगाने बरं वाटू लागलं की पहिला मोह गोळ्या सोडायचा होतो. मात्रा कमी करायची तर डॉक्टरांनीच, टप्प्याटप्प्याने.

अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या-शांततेच्या गोळ्यांची बाब निराळी. त्यांची सवय लागते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या सूचनांत आघातानंतरच्या त्रासासाठी त्या देऊ नयेत असं म्हटलं आहे. तुमच्या चिठ्ठीत अशी गोळी महिनोन्‌महिने चालू असेल, तर पुढच्या भेटीत तिचं कारण विचारा. पण तीही स्वतःहून तोडू नका.

मानसोपचार घेताना ‘समुपदेशन’ एवढ्यावर समाधान मानू नका. आघातावर केंद्रित उपचार येतो का, असं स्पष्ट विचारा. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. तो क्रमांक मागण्यात संकोच नको.

जबलपुरात कुठे जाल

- नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालय, ज्याला सगळे ‘मेडिकल’ म्हणतात : तिथला मनोविकार विभाग.
- सेठ गोविंददास जिल्हा रुग्णालय, म्हणजे ‘विक्टोरिया’ : मध्य प्रदेशातल्या जिल्हा रुग्णालयांत मानसिक आरोग्यासाठी ‘मनकक्ष’ आहेत.
- टेलिमानस, १४४१६ : ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली ही मोफत सरकारी दूरध्वनी सेवा अहोरात्र असते, आणि मराठीत बोलण्याची सोय आहे. हिंदीत मन उघडं करणं जड जातं अशा घरातल्या आजी-आजोबांसाठी हे मुद्दाम लिहून ठेवा.
- सैन्यातले आणि माजी सैनिक : लष्करी रुग्णालय आणि ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) पॉलिक्लिनिक. सैन्यदलांसाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात टेलिमानसचा स्वतंत्र कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला.

तुमचे हक्क

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ मध्ये संमत झाला आणि मे २०१८ पासून लागू आहे. त्याचा उपयोग असा :

- सरकारी खर्चाने चालणारी मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे.
- आजाराची माहिती गोपनीय राहिली पाहिजे. कायद्यातले मोजके अपवाद सोडता डॉक्टर ती तुमच्या नातेवाइकांना किंवा मालकाला परस्पर सांगू शकत नाहीत.
- तुमच्या उपचारांची कागदपत्रं मागण्याचा हक्क तुमचा आहे.
- पुढे कधी निर्णय घेण्याच्या स्थितीत नसलात तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत हे आगाऊ लिहून ठेवता येतं, आणि आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी नेमता येतो.
- विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने संरक्षण द्यायचं आहे. विमा नियामकाने ऑगस्ट २०१८ मध्ये तसे निर्देश दिले. मात्र योगवर्गाची फी पॉलिसीत बसेलच असं धरून चालू नका, आधी लेखी विचारा.

योगवर्गाला हा कायदा जसाच्या तसा लागू होत नाही. तिथे तुमचं संरक्षण म्हणजे फी भरण्यापूर्वी विचारलेले ते प्रश्न, आणि नको तो स्पर्श झाला तर पोलिसांत तक्रार करण्याचा हक्क.

घरच्यांसाठी

‘विसरून जा’ म्हणू नका. विसरता आलं असतं तर एव्हाना विसरले असते. पहाटे गदागदा हलवून योगाला उठवू नका. झोपलेल्या माणसाला लांबून, नावाने हाक मारा. तुम्हीही शेजारी खुर्ची टाकून दहा मिनिटं तेच केलंत, तर उपदेशापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. मात्र ‘आज केलंस का?’ ही रोजची हजेरी घेऊ नका.

मरण्याचे विचार, स्वतःला इजा करणं, दारू वाढणं किंवा भानावर नसल्यासारखं वागणं दिसलं, तर आसनं बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा. रात्र असेल तर १४४१६ लावा, आणि जीव धोक्यात वाटला तर ११२. माणसाला एकटं सोडू नका, आणि घरातली औषधं, बंदूक, दोर हाताशी राहू देऊ नका.

दहा आठवड्यांनी काय पाहायचं

एका वहीत रोज तीनच गोष्टी लिहा : किती तास झोप झाली, किती वेळा दचकलो, आणि आज काय टाळलं. आसन किती वेळ टिकलं याची नोंद नको. ही वही दर महिन्याला डॉक्टरांना दाखवा. औषधाची मात्रा ठरवताना ‘बरं वाटतंय’ या दोन शब्दांपेक्षा ती त्यांच्या जास्त कामाची आहे. दहा आठवड्यांत झोप सुधारली, पण एखादा रस्ता किंवा माणूस टाळणं तसंच राहिलं, तर योग चालू ठेवून आघातावर केंद्रित मानसोपचाराची चिठ्ठी मागा. तिन्ही रकाने जागचे हलले नसतील, तर दुसरा योगवर्ग शोधण्याआधी निदान पुन्हा तपासून घ्या.